क्लाउडवरच्या उबंटू सर्व्हरला डेस्कटॉप कसा जोडावा, आणि पासवर्डनंतर पडदा काळा का पडतो

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या डेटासेंटरमध्ये भाड्याने घेतलेला उबंटू २२.०४ सर्व्हर आहे, रॅम २ जीबी. तिघांना त्यावर क्यूजीआयएस चालवून गावांचे नकाशे करायचे आहेत. सर्व्हरवर ‘उबंटू-डेस्कटॉप’ आणि एक्सआरडीपी (लिनक्सवर रिमोट डेस्कटॉपची सोय देणारा प्रोग्राम) टाकले, ३३८९ पोर्ट सगळ्या जगाला उघडे केले. विंडोजवरून जोडणी होते, लॉगिनची चौकट दिसते, पासवर्ड दिला की पडदा काळा पडतो आणि थोड्या वेळाने जोडणी तुटते.

काळ्या पडद्याकडे नंतर वळू. आधी ते ३३८९ पोर्ट बंद करा, उत्तर पुढे वाचण्याआधीच. हे रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले पोर्ट आहे, त्यामुळे ते उघडे असलेले पत्ते शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र पासवर्ड मारून बघत असतात. समोर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. पोर्ट बदलून ४३३८९ केले तर गर्दी कमी होते, पण दार उघडेच राहते. खाली दिलेल्या रचनेत डेस्कटॉप फक्त सर्व्हरच्या आतच ऐकतो आणि बाहेरून आत यायला एसएसएच (दूरच्या संगणकावर एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने शिरायची सोय) हे एकच दार असते.

एक सूचना: आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, आकडे इंग्रजीत. वेगळे सांगितले नसेल तिथे सगळी अक्षरे लहान.

आता रॅम. २ जीबीत ग्नोम (‘उबंटू-डेस्कटॉप’बरोबर आलेला डेस्कटॉप) आणि तीन माणसे बसणार नाहीत. कोणी काहीही करत नसताना ग्नोमचे एक सत्र १ जीबीच्या आसपास खाते, शिवाय ग्राफिक कार्ड नसल्याने सगळे चित्र प्रोसेसर काढतो. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचे सत्र साधारण ४०० ते ५०० एमबीत भागते. त्यावर क्यूजीआयएस उघडून दोन-चार थर आणि एक उपग्रह-चित्र चढवले की आणखी १ जीबी धरा. म्हणजे एकट्या माणसाला ४ जीबी, तिघांना ८ जीबी. याहून कमीत सुरू करायचेच असेल तर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) तरी द्या:

सुडो एफॲलोकेट -एल ४जी /स्वॅपफाइल
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

रीबूटनंतरही स्वॅप टिकावी म्हणून /ईटीसी/एफएसटॅबमध्ये तिची ओळ घाला. स्वॅपने सत्र मरत नाही एवढेच. तिघेही एकदम स्वॅपवर आले तर माउस हलवायलासुद्धा दोन सेकंद लागतील.

आधी टाकलेले ग्नोम काढत बसू नका. त्याच्याबरोबर डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम), नेटवर्क मॅनेजर आणि शेकडो पॅकेजे आलेली असतात. पर्ज आणि ऑटोरिमूव्ह या पॅकेजे काढायच्या आज्ञा देताना नको ते निघून गेले की सर्व्हर नेटवर्कलाच मुकतो. सर्व्हर नवा आहे, त्यावर अजून काम झालेले नाही. कोऱ्या इमेजवरून पुन्हा उभा करा, दहा मिनिटांचे काम आहे. उभा राहिल्यावर:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल एक्सएफसीई४ एक्सएफसीई४-टर्मिनल डीबस-एक्स११ एक्सआरडीपी एक्सओआरजीएक्सआरडीपी

मध्येच डिस्प्ले मॅनेजर विचारला तर लाइटडीएम निवडा. सर्व्हरला मॉनिटर नसल्याने त्याचा उपयोग शून्य, आणि पुढच्याच ओळीने तो सुरू व्हायचाही थांबतो:

सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युझर.टार्गेट

डीबस-एक्स११ (प्रोग्राम ज्या डीबस नावाच्या ‘बस’वरून एकमेकांना निरोप देतात, तिच्यासाठीचे पॅकेज) लोक गाळतात. मग एक्सएफसीई ‘डीबस-लाँच चालवता आले नाही’ अशा अर्थाची तक्रार करून पडते.

यानंतर एक्सआरडीपीला प्रमाणपत्राची खाजगी किल्ली वाचायची परवानगी द्या:

सुडो ॲडयुझर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट

उबंटूत ही किल्ली फक्त एसएसएल-सर्ट गटाला वाचता येते. ही ओळ राहिली तर लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येते आणि एन्क्रिप्ट केलेली जोडणी नीट जुळत नाही.

आता /ईटीसी/एक्सआरडीपी/एक्सआरडीपी.आयएनआय उघडा. वरच ‘पोर्ट=३३८९’ अशी ओळ आहे, ती अशी करा:

पोर्ट=टीसीपी://१२७.०.०.१:३३८९

सगळ्या रचनेचा मर्म या ओळीत आहे. याच फोल्डरातल्या सेसमॅन.आयएनआयमध्ये ‘अलाउरूटलॉगिन’ (ए, आर आणि एल मोठे) ‘फॉल्स’ करा. फाइली जतन केल्या की सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एक्सआरडीपी, आणि खात्री करण्यासाठी:

सुडो एसएस -टीएलएनपी | ग्रेप ३३८९

उत्तरात १२७.०.०.१:३३८९ दिसले पाहिजे. त्याऐवजी ०.०.०.०, तारांकन किंवा चौकटी कंसातले दोन कोलन दिसले, तर बदल लागू झालेला नाही आणि डेस्कटॉप अजूनही जगाला ऐकतो आहे. क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधली फायरवॉल वेगळी असते. तिथलाही ३३८९चा नियम काढा. सर्व्हरवरची स्वतःची फायरवॉल, यूएफडब्ल्यू, सुरू करताना क्रम पाळा: आधी सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच (ओ आणि शेवटची एस, एस, एच ही अक्षरे मोठी), मगच सुडो यूएफडब्ल्यू इनेबल. उलटे केलेत तर स्वतःच बाहेर राहाल आणि पॅनेलमधल्या कन्सोलने आत शिरावे लागेल.

तिघांना तीन खाती द्या. एकच खाते वाटून घेऊ नका. एक्सआरडीपी खात्यावरून सत्र ओळखते, त्यामुळे दुसऱ्या माणसाने त्याच नावाने लॉगिन केले की पहिल्याचे चालू सत्र त्याच्या हाती जाते आणि पहिल्याची खिडकी बंद होते. सुडो ॲडयुझर म्हणून खाते करा, त्याच वेळी पासवर्ड द्या. क्लाउड इमेजमधल्या ‘उबंटू’ खात्याला बहुधा पासवर्डच नसतो, ते फक्त किल्लीने उघडते. त्या नावाने एक्सआरडीपीत शिरायचा प्रयत्न करून ‘लॉगिन फेल्ड’ बघत बसणारे पुष्कळ असतात. म्हणजे इथे दोन कुलपे आहेत: एसएसएचचे किल्लीने उघडते, डेस्कटॉपचे पासवर्डने.

प्रत्येकाच्या घर-फोल्डरात .एक्ससेशन नावाची फाइल हवी, आत एकच ओळ:

एक्सएफसीई४-सेशन

नावाच्या सुरुवातीचा टिंब विसरू नका. हीच फाइल /ईटीसी/स्केल या फोल्डरात ठेवली तर पुढे होणाऱ्या प्रत्येक नव्या खात्याला ती आपोआप मिळेल. सत्र सुरू होताना एक्सआरडीपी स्टार्टडब्ल्यूएम.एसएच चालवते, तिथून सर्व्हरच्या सामाईक एक्ससेशन स्क्रिप्टकडे जाते आणि ती स्क्रिप्ट आपली ही फाइल वाचते. म्हणून स्टार्टडब्ल्यूएम.एसएचला हात लावायची गरज पडत नाही.

आता एसएसएच. प्रत्येकाने आपल्या संगणकावर एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ चालवून किल्लीची जोडी करावी आणि .पब शेवट असलेली फाइलच तेवढी पाठवावी. ती सर्व्हरवर त्या खात्याच्या .एसएसएच/ऑथराइज्ड_कीज या फाइलीत चिकटवा. फोल्डरची परवानगी ७००, फाइलीची ६००, मालक तोच वापरकर्ता. मालक रूट राहिला तर एसएसएच काहीच न सांगता किल्ली नाकारते.

तिघांच्याही किल्ल्या चालतात हे पाहिल्यावर एसएसएचमधला पासवर्ड बंद करा. इथे एक जागा हमखास फसवते. तुम्ही एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ (पी आणि ए मोठे) लिहिता, पण क्लाउड इमेजमध्ये /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरात ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ अशी फाइल असू शकते आणि तिच्यात ‘यस’ असते. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएच पहिली सापडलेली किंमतच धरते. बदल तिथे करा, सेवा रीस्टार्ट करा आणि सुडो एसएसएचडी -टी (टी मोठा) चालवून त्या ओळीसमोर खरोखर काय आले ते वाचा. हे चालू असताना एक एसएसएच खिडकी उघडीच ठेवा.

विंडोज १० किंवा ११च्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएसएच आधीच असते. डेस्कटॉपची जोडणी एसएसएचच्या आतून नेणारा बोगदा असा काढायचा:

एसएसएच -एन -एल ३३९०:१२७.०.०.१:३३८९ नाव@सर्व्हरचा-पत्ता

एन आणि एल दोन्ही मोठे. ही आज्ञा दिल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहतो. लोकांना वाटते अडकले, आणि ते खिडकी बंद करतात. ते अडकलेले नाही. ती खिडकी म्हणजेच बोगदा. ती खाली लपवा आणि रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये १२७.०.०.१:३३९० हा पत्ता द्या. आपल्या बाजूला ३३८९ऐवजी ३३९० घेतले, कारण ३३८९वर विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप असू शकतो आणि स्वतःलाच जोडतो आहे असे समजून विंडोज नकार देते. प्रमाणपत्र ओळखीचे नाही असा इशारा येईल. ते प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच बनवलेले असते आणि जोडणी बोगद्यातून जाते आहे, त्यामुळे इथे ‘होय’ म्हणायला हरकत नाही. पण एसएसएचने पहिल्यांदा दाखवलेला सर्व्हरच्या किल्लीचा ठसा मात्र पॅनेलमधल्या कन्सोलवर ताडून बघा. खरी ओळख तिथे पटते.

पुटी हा एसएसएच प्रोग्राम वापरत असाल तर एसएसएचखालच्या टनेल्स पानावर सोर्स पोर्ट ३३९०, डेस्टिनेशन १२७.०.०.१:३३८९ भरा आणि ‘ॲड’ बटण दाबा. निम्म्या तक्रारी या न दाबलेल्या बटणाच्या असतात: रकाने भरलेले असतात, पण वरच्या यादीत ओळच नसते. लिनक्सवर रेमिना ही रिमोट डेस्कटॉपची खिडकी उत्तम चालते. एसएसएच बोगदा तिच्यातच भरता येतो. घरच्या नेटवर राउटर गप्प जोडण्या तोडून टाकतो, म्हणून आज्ञेत -ओ सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=३० जोडा (एस, ए आणि आय मोठे); दर तीस सेकंदांनी बोगद्यातून एक हाक जात राहते.

आता काळा पडदा. इंटरनेटवर यावर पन्नास उपाय सापडतात आणि लोक ते सगळे एकावर एक चढवतात. त्याआधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखा. एक्सआरडीपीची लॉगिन चौकटच दिसत नसेल तर दोष वाटेत आहे: बोगदा, पोर्ट किंवा सेवा. एसएसएचच्या खिडकीत ‘ओपन फेल्ड... कनेक्शन रिफ्यूज्ड’ उमटले तर बोगदा ठीक आहे, पलीकडे एक्सआरडीपी ऐकत नाही. चौकट दिसते पण पासवर्ड नाकारला जातो, तर दोष खात्यात. पासवर्ड स्वीकारला आणि मग काळे झाले, तर नेटवर्कला दोष देऊ नका. तुमचा एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्राम) सुरू झालेला आहे, त्यावर डेस्कटॉप उभा राहिला नाही. पोर्ट, फायरवॉल, रंगांची खोली (प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला किती बिट) यांतले काहीही बदलून तो उभा राहणार नाही.

या तिसऱ्या टप्प्यासाठी तीन ठिकाणी बघा. पहिले /व्हार/लॉग/एक्सआरडीपी-सेसमॅन.लॉग. त्यात ‘विंडो मॅनेजर... एक्झिटेड क्विकली’ असे असेल तर डेस्कटॉप सुरू होऊन लगेच मेला: .एक्ससेशन नाही, तिच्यात टायपो आहे किंवा एक्सएफसीई अर्धवट बसले आहे. दुसरे, त्या वापरकर्त्याच्या घर-फोल्डरातली .एक्ससेशन-एरर्स, मेला तर कशाने, ते बहुधा तिच्या शेवटच्या दहा ओळींत असते. तिसरे कर्नलचा लॉग: सुडो जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय ओओएम. तिथे काही सापडले तर मेमरी संपून कर्नलनेच प्रोसेस मारली. तुमच्या २ जीबीच्या ग्नोममध्ये याचीच शक्यता सर्वांत जास्त.

तिन्हीकडे काही मिळाले नाही तर डीएफ -एच चालवा. डिस्क भरलेली असली की .एक्सऑथॉरिटी (सत्राची परवानगी ठेवणारी फाइल; फक्त एक्स मोठा) लिहिता येत नाही आणि सत्र उघडताच मिटते. नकाशांच्या कामात टाइल्सची कॅश डिस्क केव्हा भरते ते कळत नाही. .एक्सऑथॉरिटीचा मालकही बघा. कुणी सुडोने खिडकीवाला प्रोग्राम चालवला असेल तर ती रूटच्या नावावर गेलेली असू शकते. पुसून टाका, पुढच्या लॉगिनला नवी होईल.

एक प्रसिद्ध उपाय म्हणजे स्टार्टडब्ल्यूएम.एसएचमध्ये ‘अनसेट डीबस_सेशन_बस_ॲड्रेस’ आणि ‘अनसेट एक्सडीजी_रनटाइम_डिर’ या दोन ओळी घालणे. तोच वापरकर्ता ग्नोमच्या कन्सोलवरही लॉगिन असेल तेव्हा दोन सत्रे एका बसवर भांडतात, तिथे याचा उपयोग होतो. तुमच्या सर्व्हरला कन्सोलवर कोणी बसतच नाही. उलट त्या ओळींमुळे सत्राला निराळी बस मिळते, आणि २२.०४मधला फायरफॉक्स स्नॅप (बंदिस्त पद्धतीचे पॅकेज) असल्याने तो ‘इज नॉट अ स्नॅप सीग्रुप’ असे म्हणून उघडायला नकार देतो. मग लोक फायरफॉक्सच्या मागे लागतात, आणि बिघाड आदल्या दिवशीच्या उपायात असतो. एक्सएफसीईसोबत त्या ओळी घालू नका.

जेवून आल्यावर परत जोडले आणि काळे दिसले, तर ते निराळे प्रकरण आहे: पडदा-कुलूप. लाइट-लॉकर हा कुलपासाठी दुसऱ्या आभासी टर्मिनलवर जायला बघतो, आणि एक्सआरडीपीच्या सत्राला तसे टर्मिनलच नसते. सुडो ॲप्ट पर्ज लाइट-लॉकर करा, पॉवर मॅनेजरमधले पडदा मालवणे बंद करा. लॉगिन होताच ‘कलर मॅनेज्ड डिव्हाइस’साठी पासवर्ड मागणारी चौकट आली तर रद्द करा. परवानग्या तपासणारे पॉलिसीकिट दूरच्या सत्राला समोर बसलेला माणूस मानत नाही म्हणून ती येते. मॉनिटरच नसलेल्या यंत्रावर रंग जुळवायचे काहीच नाही, तेव्हा सुडो सिस्टिमसीटीएल मास्क कलरडी करून विषय संपवा.

वेग वाढवण्यासाठी दोनच गोष्टी मनापासून सुचवतो. एक, एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समधला कंपोझिटर बंद करा. सावल्या आणि पारदर्शकता गेल्या की प्रत्येक खिडकी सरकवताना पाठवायचा मजकूर लक्षणीय घटतो. दोन, पार्श्वभूमीला चित्राऐवजी एकच रंग. विंडोजच्या बाजूला रंगांची खोली १६ बिट केली तरी फरक पडतो, पण इथे एक सापळा आहे. एक्सआरडीपी जुने सत्र शोधताना वापरकर्ता आणि रंगांची खोली दोन्ही जुळवून बघते. काल ३२ बिटने काम केले, आज १६ने जोडले, तर कोरा डेस्कटॉप समोर येतो आणि नकाशा गेला असे वाटते. तो गेलेला नाही. पीएस -ईएफ | ग्रेप एक्सऑर्ग (एक्स मोठा) केले की :१० आणि :११ अशी दोन सत्रे दिसतील. पुन्हा ३२ बिटने जोडा, काम जिथे होते तिथे सापडेल. म्हणून तिघांनी खोली एकदा ठरवावी आणि पुढे बदलू नये.

खिडकीचे फुलीचे बटण दाबले तर सत्र चालूच राहते, लॉगआउट केले तरच संपते. रात्रभराचे एक्स्पोर्ट लावून घरी जायला हे उपयोगी, पण तीन विसरलेली सत्रे ८ जीबीसुद्धा खाऊन टाकतात. सेसमॅन.आयएनआयमधले ‘किलडिस्कनेक्टेड’ लावून ती आपोआप मारायचा मोह होतो. लावू नका, कारण नेट एकदा गेले की चालू एक्स्पोर्टही जाईल. त्याऐवजी संध्याकाळी लॉगआउट करायची सवय लावा, आणि अडकलेले सत्र गरजेपुरते सुडो लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युझर नाव असे मोडा.

नकाशांवर गावांची नावे मराठीत हवीत, तर कोऱ्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसतो आणि नावांच्या जागी चौकोन येतात. फॉन्ट्स-लोहित-देवा आणि फॉन्ट्स-नोटो-कोर टाका, एफसी-लिस्ट :लँग=एमआरने यादी येते का बघा आणि क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडा. टाइप करण्यासाठी विंडोजचा मराठी कीबोर्ड चालणार नाही: जोडणीतून अक्षर जात नाही, कोणती कळ दाबली तेवढेच जाते. विंडोज इंग्रजीवर ठेवा आणि सर्व्हरवर निरनिराळ्या भाषांत टाइप करायची सोय देणारे आयबस, आयबस-एम१७एन टाकून आयएम-कॉन्फिग -एन आयबस चालवा (हे प्रत्येक खात्यातून, सुडोशिवाय). लॉगआउट करून परत आल्यावर आयबसच्या सेटिंगमध्ये मराठीखाली इनस्क्रिप्ट किंवा आयट्रान्स, जे हाताला सवयीचे असेल ते जोडा.

फाइली आणण्या-नेण्यासाठी विंडोजची ड्राइव्ह जोडणीत शेअर केली तर ती घर-फोल्डरात थिनक्लायंट_ड्राइव्ह्ज या नावाने दिसते. लहान फाइलींना ती ठीक, शेपफाइलींचे मोठे गठ्ठे आणायला एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली नेण्याची सोय) बरे; किल्ली तीच चालते, तुटलेली प्रत पुढे सुरू करता येते. रात्रीचा बॅकअप रूटच्या नावाने चालत असेल तर हा फोल्डर त्यातून वगळा. तो फ्यूजचा (वापरकर्त्याच्याच प्रोग्रामने जोडलेला फोल्डर) असल्याने रूटलाही आत डोकावता येत नाही, आणि ‘परमिशन डिनाइड’मुळे बॅकअप स्क्रिप्ट अर्धवट थांबू शकते.